टीव्ही पासष्ट इंची, चित्र रामभरोसे

स्पष्टच बोलतो. सोनाराने १८ कॅरेटच्या बांगडीवर ९१६ चा शिक्का मारून विकली, तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. पण ज्या पडद्याला एचडीआर चित्र झेपतच नाही, त्याच्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत 'एचडीआर' छापून विकलं, तर कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही. दोन्हीकडे ग्राहकाने मोजलेल्या नोटा मात्र खऱ्याच असतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ६० हजार धरली तर कर १६,८०० चा १०,८०० झाला, म्हणजे सरळ सहा हजारांचा फरक. साहजिकच दसरा-दिवाळीत आमच्या सोसायटीत रोज एक वरात. ६५ इंची खोकं लिफ्टमध्ये मावत नाही, त्यामुळे जिन्यावरून चार माणसं 'जरा डावीकडे घ्या, डावीकडे' करत वर जायची. आमच्याकडेही एक आला, बारा हप्त्यांवर.

आता काही महिने त्या पडद्यासमोर काढल्यावर हे लिहितोय. टीव्ही बिघडलेला नाही. कुठल्या एका कंपनीवर राग काढायचा नाहीये. भांडण आहे ते वेगळंच.

टीव्हीच्या मागे आणि खोक्यावर काय काय लिहिलेलं असतं ते एकदा नीट वाचा. बीआयएसचा शिक्का असतो. तो कशाचा? सुरक्षेचा. शॉक लागू नये, आग लागू नये म्हणून. ताऱ्यांचं लेबल असतं. ते विजेचं. आकार सेंटीमीटरमध्ये असतो, कारण वैधमापनाचे नियम आहेत. एमआरपी असते, कारण कायदा आहे. म्हणजे सुरक्षा मोजली, वीज मोजली, लांबी मोजली, किंमत मोजली. ज्यासाठी माणूस टीव्ही घेतो ते चित्र तेवढं कुणीच मोजलेलं नाही. त्याबद्दल खोक्यावर जे काही लिहिलंय ते विकणाऱ्याने स्वतःच्या मर्जीने लिहिलंय. 'क्रिस्टल', 'ब्रिलियंट', 'अल्ट्रा व्हिव्हिड'. ही मापं नाहीत, विशेषणं आहेत.

आता आकडे घ्या. कंटाळा करू नका, सोपे आहेत.

फोर के पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके असतात. गुणाकार केला की साधारण ८३ लाख. केबलवरून जे साधं एसडी चॅनेल येतं त्यात ७२० गुणिले ५७६, म्हणजे जेमतेम सव्वाचार लाख ठिपके. ८३ ला सव्वाचारने भागा. वीसाला एक पडतो. म्हणजे तुमच्या पडद्यावर दिसणाऱ्या दर वीस ठिपक्यांतला एक वाहिनीने पाठवलेला असतो आणि एकोणीस टीव्हीने अंदाजाने भरलेले असतात. फुल एचडी चॅनेल असलं तरी साडेवीस-एकवीस लाखच, म्हणजे चारातला एक खरा. तुम्ही ८३ लाख ठिपक्यांचे पैसे दिलेत. रोज संध्याकाळी तुम्ही टीव्हीचा अंदाज बघताय.

आणि तो एक ठिपकाही शुद्ध नसतो. चॅनेल पाठवताना माहिती दाबून पाठवतात. एका सेकंदाला किती माहिती पाठवली त्याला बिटरेट म्हणतात. हे आपल्या नळासारखं आहे. पाईप तेवढाच, कनेक्शनं वाढवत गेलात की प्रत्येकाच्या नळाला धार बारीक. मग तुम्ही घरात हजार लिटरची टाकी बसवा नाहीतर दोन हजाराची, वरून पाणीच नाही आलं तर टाकी करणार काय? ६५ इंची टीव्ही ही ती मोठी टाकी आहे.

बारीक धार कुठे दिसते ते सांगतो. क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे फिरला की मैदानातलं गवत संपून पालकाची पातळ भाजी होते. बातम्यांच्या वाहिनीवर खाली तीन पट्ट्या पळतायत, बाजूला सहा खिडक्यांत सहा जण ओरडतायत, कोपऱ्यात काहीतरी लाल लुकलुकतंय. या सगळ्या हलत्या अक्षरांनाच माहिती सर्वांत जास्त लागते. मग वक्त्याच्या चेहऱ्याला काय उरणार? गालाचे चौकोनी तुकडे. आमच्या केबलवर मराठी बातम्यांच्या वाहिन्या अजून एसडीतच येतात. म्हणजे आपल्या भाषेत जगाची खबर बघायची तर ती पुसटच बघायची.

जरा मागे जा. केबलवाल्याने आपल्याला सेट-टॉप बॉक्स घ्यायला लावला होता, आठवतंय? मुंबईला ३१ ऑक्टोबर २०१२ ची मुदत होती. पुणे, नाशिक, नागपूरला ३१ मार्च २०१३ ची. तेव्हा काय सांगितलं होतं? डिजिटल आलं की चित्र काचेसारखं स्वच्छ. मुंग्या गेल्या, हे खरं. पण जी जागा मोकळी झाली ती चित्रापेक्षा चॅनेलं कोंबायला जास्त वापरली गेली. २०१९ मध्ये ट्रायची नवी दरपद्धत लागू झाली. प्रत्येक चॅनेलची किंमत वेगळी छापली गेली, चांगलं झालं. नेटवर्क शुल्क मोजताना एक एचडी चॅनेल म्हणजे दोन एसडी चॅनेल असा हिशेबही बसवला. म्हणजे पैसे मोजताना एचडी म्हणजे काय ते सरकारदरबारी पक्कं ठाऊक आहे. पण माझ्या बिलावर त्या चॅनेलसमोर रुपये दिसतात, बिटरेट दिसत नाही. एचडीचे पैसे घेऊन कुणी बारीक धार सोडली, तर ते मला कळायचं कसं?

इथे कुणीतरी म्हणेल, 'अहो, जुन्या टीव्हीवर हेच चॅनेल छान दिसायचं की!' बरोबर आहे. त्याचं कारण आपल्या डोळ्यात आहे. निरोगी डोळ्याला एका मर्यादेपलीकडचा बारकावा वेगळा दिसत नाही. २१ इंची डब्बा टीव्हीवर एसडी चित्राच्या रेघा सहा-साडेसहा फुटांपलीकडे डोळ्याला कळत नव्हत्या. तेच चित्र ६५ इंचांवर ताणलं की ते तितकं एकसंध दिसायला तुम्हाला जवळजवळ सोळा फूट मागे बसावं लागेल. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सोळा फूट मागे म्हणजे स्वयंपाकघर. सोफा असतो आठ-नऊ फुटांवर. म्हणजे पडदा मोठा झाला तसा दोषही मोठा झाला.

उलट बाजूही सांगतो, कारण विक्रेता ती सांगणार नाही. त्याच आठ-नऊ फुटांवर ६५ इंची पडद्यावर चांगलं फुल एचडी आणि फोर के यांतला फरक बहुतेकांना कळणार नाही. ५५ इंची असेल तर सात फुटांपलीकडेच तो फरक संपतो. मग जाहिरात कशाची चाललीय? ज्या गोष्टीचा फरक सोफ्यावरून दिसत नाही तिची. आणि ज्याचा फरक आंधळ्यालाही दिसावा, म्हणजे काळा किती काळा, उजेड किती, रंग किती खरे, त्याबद्दल चिडीचूप.

या चिडीचूपपणाची किंमत कोण मोजतं? आमच्या आईने मोजली. वय ७२. नवा टीव्ही लागून तीन आठवडे झाले असतील. एक दिवस म्हणाली, 'मला चेहरे पुसट दिसायला लागलेत रे. डोळे दाखवून आणू या.' घाबरली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, ते बिघडलं की काय असं वाटत होतं तिला. डॉक्टरांनी सगळं तपासलं. नंबर तोच, पडदा ठीक. घरी येऊन मी तीच मालिका एचडी चॅनेलवर लावली आणि टीव्हीची दोन सेटिंगं बदलली. आई म्हणाली, 'अगंबाई, हिच्या नथीचे मोती वेगवेगळे दिसतात की!'

मला राग येतो तो याचा. चित्र खराब दिसलं की आपला माणूस आधी स्वतःला दोष देतो. माझे डोळे गेले, माझं घर लहान, माझी वायर जुनी, मीच स्वस्तातला घेतला. कारण हातात मापच नाही. माप नसलं की भांडताही येत नाही. दुकानदार म्हणतो केबलचा दोष, केबलवाला म्हणतो टीव्हीचा दोष, आणि मधल्यामध्ये म्हातारी माणसं डोळे तपासून घेतात.

आता एचडीआर. खोक्यावर हे तीन-चार अक्षरांचं बाशिंग बांधलेलं असतंच. पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात. एचडीआर सिनेमे तयार करताना सर्वांत उजळ जागा १,००० निट्सच्या, कधी ४,००० निट्सच्या हिशेबाने रंगवलेल्या असतात. स्वस्तातल्या पडद्यांचा उजेड २५०-३०० निट्सच्या आसपास संपतो. मग त्यावर एचडीआर कसं लिहितात? कारण त्या टीव्हीला एचडीआरचा सिग्नल वाचता येतो. बस, एवढंच. लग्नाची पत्रिका वाचता येणं आणि पंगत वाढता येणं यात फरक आहे की नाही? पत्रिका वाचली म्हणून पाचशे पानं वाढता येत नाहीत. असा टीव्ही एचडीआर चित्र लावलं की एकतर सगळंच अंधारं करतो किंवा उजळ जागा पांढऱ्याफटक करून टाकतो. लोक म्हणतात, 'सिनेमाच काळपट काढलाय.'

जगात याला माप नाही असंही नाही. २०१६ मध्ये यूएचडी अलायन्स या उद्योगातल्याच संघटनेने 'अल्ट्रा एचडी प्रीमियम' असा शिक्का काढला. एलसीडी पडदा असेल तर किमान १,००० निट्स उजेड आणि ०.०५ निट्सपेक्षा कमी काळा. ओलेडसाठी ५४० निट्स आणि त्याहून कितीतरी गडद काळा. म्हणजे मोजता येतं, आकडा ठरवता येतो, हे कंपन्यांनाच माहीत आहे. पण तो शिक्का ऐच्छिक. ऐच्छिक परीक्षेला कोण बसतं? ज्याला पास व्हायची खात्री आहे तो. बाकीचे नुसतं 'एचडीआर' लिहून मोकळे.

काळ्याची परीक्षा घ्यायची असेल तर 'तुंबाड' लावा. २०१८ चा सिनेमा, भाषा हिंदी पण गाव, वाडा, पाऊस सगळा आपल्या मातीतला. त्यातला अंधार हे एक पात्रच आहे. ज्या पॅनेलचा उजेड-अंधाराचा फरक हजारास एक एवढाच आहे, त्यावर वाड्यातला काळोख राखेच्या रंगाचा दिसतो. तीन-चार हजारास एक असलेल्या पॅनेलवर तोच काळोख काळा दिसतो. दोन्ही पॅनेलं बाजारात 'फोर के एलईडी' याच नावाने मिळतात. कधी कधी एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आकारांत वेगवेगळ्या जातीचं पॅनेल असतं. खोक्यावर जात लिहिलेली नसते. आणि त्या दुसऱ्या जातीचा तोटा असा, की बाजूने बघितलं की रंग उडतात. सोफ्याच्या मधोमध बसलेल्याला सिनेमा, दिवाणावर कडेला बसलेल्या आजोबांना धुकं.

दुकानात हे तपासता येतं का? प्रयत्न करून बघा. भिंतीवर पंचवीस टीव्ही, प्रत्येकावर त्याच कंपनीची चित्रफीत. काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत फुलं, समुद्रातले मासे, संथ फिरणारा कॅमेरा. टीव्ही दुकानासाठीच्या भडक मोडवर, उजेड शेवटपर्यंत वर. मी विचारलं, 'भाऊ, जरा मराठी बातम्या लावून दाखवता का?' तो म्हणाला, 'सर, इथे केबल नाहीये.' वाय-फाय आहे का विचारलं, तर पासवर्ड साहेबांकडे, आणि साहेब जेवायला गेलेले. बाजार समितीत व्यापारी पोत्याच्या तोंडाशी ठेवलेला गहू बघून भाव करत नाही, आत हात घालून दाणा काढतो. आपण साठ-सत्तर हजार रुपये पोत्याच्या तोंडाकडे बघून देतो.

घरी आल्यावर आणखी एक वरताण. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी काढलेला असतो. बऱ्याच टीव्हींत कारखान्यातूनच एक सोय चालू करून पाठवतात. ती दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची बनावट चित्रं घालते, म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसते. परिणाम असा, की शेताच्या बांधावर पळणारे आर्ची-परश्या दुपारच्या मालिकेतल्यासारखे वाटायला लागतात. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वेरी यांनी खास व्हिडिओ काढून लोकांना विनंती केली होती की ही सोय बंद करा. पुढच्याच वर्षी 'फिल्ममेकर मोड' आला. एवढ्या मोठ्या माणसांना हात जोडावे लागले, मग आपल्याकडच्या कॅमेरामनचं कोण ऐकणार?

आता दोन आक्षेप येतील. त्यांची उत्तरं आधीच देऊन ठेवतो.

पहिला : 'टीव्हीच तर आहे, देशात दुसरे प्रश्न नाहीत का?' आहेत ना. पण वर्षभर हप्ता भरणाऱ्या माणसाला त्याच्या पैशाचं माप द्या म्हणणं हा काही श्रीमंती चोचला नाही. १८ टक्के कर आम्ही अजूनही भरतोय. कर कमी केला म्हणून उपकार झाले, आता प्रश्न विचारू नका, असं चालणार नाही.

दुसरा : 'सामान्य ग्राहकाला निट्स आणि बिटरेट काय कळणार?' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. आपल्या गावातला दूध उत्पादक रोज सकाळी डेअरीवर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ तोंडपाठ बोलतो. एक पॉइंट खाली दाखवला तर मशीनवर शंका घेतो. सही करताना अडखळणारी माणसं फॅटवरून भांडतात, कारण त्यावर त्यांचा दर ठरतो. सोन्याचं ९१६ गावोगाव ठाऊक आहे. जून २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा व्हायला लागला, सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी आला, तोही लोक मोबाईलवर तपासायला शिकले. माप दिलं की लोक शिकतात. माप द्यायचं नाही आणि वर अडाणी म्हणायचं, हा जुना धंदा आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत.

१. खोक्यावर समोरच्या बाजूला, एमआरपीएवढ्याच ठळक अक्षरांत चार आकडे सक्तीने छापा : पडद्याचा प्रत्यक्ष मोजलेला उजेड निट्समध्ये, उजेड-अंधाराचं प्रमाण, पॅनेल खरोखर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं (६० की १२०, 'मोशन' अमुक असली टोपणनावं नकोत), आणि रंग ८ बिट की १० बिट. मोजायची पद्धत बीआयएसने ठरवावी.

२. 'एचडीआर' हा शब्द किमान उजेड असल्याशिवाय वापरायला बंदी. १८ कॅरेटला २२ म्हणता येत नाही, तसंच.

३. प्रत्येक चॅनेलचा किमान बिटरेट ट्रायने ठरवावा आणि तो बिलावर किंवा यादीत चॅनेलच्या किमतीशेजारी दिसावा. एचडीचे पैसे घेतले तर एचडीची धार द्या.

४. दुकानात ग्राहकाने मागितलं तर टीव्ही घरच्या मोडवर आणून साधं चॅनेल लावून दाखवणं बंधनकारक करा.

युरोपात मार्च २०२१ पासून टीव्हीच्या ऊर्जा-लेबलवर साध्या चित्राचा आणि एचडीआरचा वीजवापर वेगवेगळा छापतात, शेजारी ठिपक्यांची संख्याही असते. तिथेही चित्राचा दर्जा छापत नाहीत, म्हणजे आपण पुढे जायला वाव आहे. प्रत्येक गोष्टीत विश्वगुरू व्हायचंय ना? हीही एक जागा घ्या.

नियम होतील तेव्हा होतील. तोवर हातात आहे ते करू. घरातला टीव्ही 'व्हिव्हिड' वरून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' वर आणा. दोन दिवस पिवळट वाटेल, मग आधीचं निळं वाटायला लागेल. गुळगुळीत हालचालीची सोय सिनेमासाठी बंद करा. शार्पनेस खाली घ्या. एसडी चित्रात तो बारकावा वाढवत नाही, फक्त डाग ठळक करतो. जी दोन-तीन चॅनेलं घरात रोज लागतात, ती एचडीत मिळतात का बघा, आणि बाकी न बघितली जाणारी दहा कमी करा.

आणि नवीन घ्यायला जाल तेव्हा वरचे चार आकडे विचारा. विक्रेता म्हणाला 'सर, सगळं आहे यात', तर म्हणा, 'मग बिलावर लिहून द्या.' लिहून देणार नाही. तेव्हा खोक्याचा फोटो काढा. खोक्यावरचा दावा आणि घरातलं चित्र जुळलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. एकट्याने केलेल्या फोनने काही होणार नाही, हे मलाही कळतं. पण डेअरीवरचं फॅटचं मशीनही कुणी आपणहून आणून ठेवलेलं नव्हतं. 'आमच्या दुधाला पाणी म्हणता, मग मोजून दाखवा' असं म्हणणारी माणसं आधी रांगेत उभी राहिली होती.

आता आपण म्हणायचं. चित्र मोजून दाखवा.